टीव्हीकडे पाठ करून बसणारा माणूस

लग्नाची कॅसेट द्यायला तो स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जायचा आणि ती बघून होईपर्यंत तिथून हलायचा नाही. बघायचे ते घरातले लोक. तो स्वतः एक फ्रेमही बघायचा नाही. टीव्हीच्या शेजारी, टीव्हीकडे पाठ करून, भिंतीला टेकून बसायचा आणि समोर बसलेल्या माणसांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा. कुणी उठलं की लगेच विचारायचा, "कुठं चाललात?" घरची बाई बिचारी ओशाळून सांगायची, "दूध उतू जायलंय हो." त्यावर तो म्हणायचा, "जाऊ द्या की." सुरुवातीलाच दोघं-तिघं उठून गेले तर मात्र तो स्वतःच उठायचा. व्हीसीआरमधून कॅसेट काढायचा, पिशवीत टाकायचा, "आठ दिसांनी आणून देतो" म्हणायचा आणि चालू लागायचा. घरचे लोक तोंडात मारल्यासारखे बघत राहायचे, कारण त्यांची काहीच तक्रार नसायची.

परभणी जिल्ह्यात तेव्हा व्हिडिओ शूटिंगचा धंदा करणारे आम्ही मोजकेच होतो. बाकीच्यांना हा माणूस अर्धवट वाटायचा. मला तसा तो कधीच वाटला नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. तोंडावर मी त्याला काका म्हणायचो, अहो-जाहो करायचो आणि मनात अरे-तुरे. आता लिहिताना मनातलंच चालवतो.

तसं बघितलं तर हेवा त्याला माझा वाटायला हवा होता. माझा स्टुडिओ स्टेशन रोडला, दर्शनी भागात. माझ्याकडे नवा कॅमेरा, हॅलोजनचा लाइट, लाइट धरायला पगारी माणूस. आणि मुख्य म्हणजे माझ्या कॅसेटचं मिक्सिंग औरंगाबादला व्हायचं. आधी शंखाचा आवाज, मग गणपती, मग गणपतीवर पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या, मग 'शुभविवाह', मग वधू-वरांची नावं दोन्ही बाजूंनी उडत यायची, एकमेकांभोवती गिरक्या घ्यायची आणि बदामात जाऊन बसायची. आमच्या समाजातलं, म्हणजे बौद्धांचं लग्न असलं तर गणपतीच्या जागी बुद्धमूर्ती आणि शंखाच्या जागी वंदना. पाकळ्या आणि बदाम तेच. या दोन पट्ट्या मी मिक्सिंगवाल्याकडून एकदाच करून ठेवल्या होत्या. नावं तेवढी बदलायची.

त्याच्याकडे काय होतं? कुणाकडून तरी विकत घेतलेला जुना कॅमेरा, त्याला जुन्या वाकळीची शिवलेली पिशवी, आणि घरी दोन व्हीसीआर. एकावरून दुसऱ्यावर उतरवायचं, हेच त्याचं मिक्सिंग. पाकळी नाही, बदाम नाही, शंख नाही. मे महिन्यातसुद्धा गळ्यात मफलर. लग्नात जेवायचा नाही, घरून बांधून आणलेली भाकरी मांडवामागे बसून खायचा. मुलीच्या पाठवणीला सगळे हंबरडा फोडत असताना हा कॅमेरा बंद करून पिशवीत घालायचा. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "हे कुणाच्या घरात न्हाई? बघायचं काय त्यात?" त्यावरून त्याची गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायची. आणि तरीही सोनपेठपासून जिंतूरपर्यंत लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी त्याला विचारून घ्यायचे.

त्याचं कारण होतं सुरुवात. त्याच्या कॅसेटची सुरुवात.

तो राहायचा सोनपेठला. तरुणपणी जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये दारावर उभा असायचा. तिकिटं फाडून झाली की आत जाऊन पडद्याला पाठ करून उभा राहायचा, ही सवय तिथली. "सेठ," तो मला म्हणायचा. मी सेठ नव्हतो, पण स्टुडिओच्या काचेकडे बघत तो मुद्दाम तसं म्हणायचा. "सेठ, तंबूत लोकं दारानं येतात आन कापडाखालून जातात. आन कवा जातात? पयल्या झटक्यात जातात. एकदा का बूड टेकलं, की मंग आग लागली तरी उठत न्हाईत. म्हणून मला फकस्त बूड टेकवायचं असतं. म्होरचं लग्न लोकं स्वतःच बघतात."

मी म्हटलं, "म्हणून काय गणपती नाही घ्यायचा?"

तो दर शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाणारा माणूस. त्यानं कानाच्या पाळ्यांना हात लावले. "देवाला कोण न्हाई म्हणतं? पण देव दिसला की लोकं हात जोडतात, आन हात जोडले की डोळे मिटतात. डोळे मिटले की माझी कॅसेट गेली. देव दुसऱ्या नंबरला घेतो मी. त्याला घाई न्हाई."

हे असं काहीतरी बोलून तो जायचा आणि मी दिवसभर मनातल्या मनात त्याला उत्तरं देत बसायचो.

पण माझी खरी पोटदुखी धंद्याची नव्हती. धंदा माझाही बरा चालला होता. पोटदुखी होती ती माझ्या वडिलांपायी.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. हयातभर खेड्यापाड्यांतल्या पोरांना पाटीवर स्वतःचं नाव काढायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर नामांतराच्या चळवळीत पूर्णवेळ. मोर्चा असो, धरणं असो, सत्याग्रह असो, त्यांची कापडी पिशवी भरलेलीच असायची. विद्यापीठाला ते नाव मिळालेलं बघून डोळे मिटीन, असं म्हणायचे. मी नोकरी सोडून कॅमेरा घेतला हे त्यांना आवडलं नव्हतं, पण ते आडवेही आले नाहीत. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी माझी एक कॅसेट खाली बसून पूर्ण बघावी. पहिली कॅसेट तयार झाली तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना बसवलं. बुद्धमूर्ती आली, पाकळ्या पडल्या, नावं उडत आली. बाबा म्हणाले, "नावं नीट वाचू तरी दे की. उडवायलास कशाला?" आणि वर्तमानपत्र उचलून ओसरीवर गेले. पुढच्या कॅसेटला "छान हाय" म्हणून उठले. त्याच्या पुढच्या कॅसेटला मी त्यांना बोलावलंच नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

आमच्या समोर एक कारकून राहायचे. त्यांच्या पुतण्याचं लग्न सोनपेठजवळच्या त्यांच्या गावी झालं. शूटिंग अर्थातच त्याचं. रविवारी दुपारी कॅसेट आली आणि आख्खी गल्ली त्या घरात शिरली. जेवायची वेळ टळली तरी बाबा घरी येईनात, म्हणून मायनं मला बोलवायला धाडलं. जाऊन बघतो तर बाबा लोखंडी खुर्चीच्या अगदी टोकाशी, हातात बशी, बशीत निवलेला चहा. टीव्हीशेजारी मफलर गुंडाळून तो, आमच्याकडे तोंड करून.

"बाबा, जेवायला चला," मी म्हटलं.

"थांब रे," बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "ह्यो माणूस जेवतो का न्हाई तेवढं बघू दे."

कुठला माणूस? मी दारातच उभा राहिलो. मग शेजारच्या एका बाईनं हळू आवाजात मला सुरुवात सांगितली. मांडव घालणं चाललंय. एक मेढ उभी करायचीय, तिला एका बाजूनं नवरदेवाचे वडील धरून आहेत आणि दुसऱ्या बाजूला माणूसच नाही. मेढ डुगडुगायलीय. समोरच्या दारात खांद्यावर टॉवेल टाकलेला एक भावकीतला माणूस उभा आहे. शेताच्या बांधावरून दोन घरांचं कित्येक वर्षं बोलणं नाही, हे गावात सगळ्यांना माहीत. तो माणूस थोडा वेळ बघतो, मग येतो आणि न बोलता मेढ धरतो. दोघं एकच मेढ धरून उभे आहेत, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. एवढंच. त्यानंतर हळद, देव, वरात, सगळं रीतसर. पण त्या खोलीतलं कुणी नवरदेवाकडे बघत नव्हतं. सगळे टॉवेलवाल्याला शोधत होते. "तो बघा, मागं हाय." "अक्षता टाकल्या का त्यानं?" आणि पंगत आली तेव्हा तो रांगेच्या शेवटी बसलेला दिसला. नवरदेवाचे वडील हातात बुंदीचं ताट घेऊन वाढत वाढत त्याच्यापर्यंत आले, थांबले, आणि एकाऐवजी दोन मुठी बुंदी त्याच्या पत्रावळीवर टाकून पुढे गेले. खोलीतल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. बाबांनी तो गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

घरी येताना बाबा म्हणाले, "लय हुशार माणूस हाय त्यो." मला मास्तरांनी अख्ख्या वर्गासमोर नापास केल्यासारखं झालं. मी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं मायला सांगितलं.

मग मी त्याच्या मागेच लागलो. तो कसं काम करतो ते हुडकून काढलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तो कॅमेरा न घेता त्या घरी जायचा. बायकांच्या घोळक्यात बसून लसूण सोलायचा, डाळ निवडायचा, आणि मध्येच विचारायचा, "ह्या लग्नात कुणाच्या पोटात गोळा आलाय?" लोक हसायचे, टाळायचे आणि शेवटी सांगायचे. प्रत्येक लग्नघरात असं एक माणूस असतंच. नवरदेव-नवरी सोडून दुसरंच कुणीतरी. त्या माणसापासून त्याची कॅसेट सुरू व्हायची. "नवरदेव काय पळून जात न्हाई," तो म्हणायचा, "त्याला कवाबी दाखवता येतं."

समजलं, आता जमेल, असं मला वाटलं. पुढच्याच लग्नात मी मांडवात कुणाच्या पोटात गोळा आहे ते बघत हिंडलो. नवरीचे वडील लिंबाखाली एकटेच उभे दिसले. कपाळावर घाम, नजर रस्त्याकडे, सारखे धोतराला हात पुसत होते. मला आनंदाचं भरतं आलं. मी त्यांच्यावर भरपूर वेळ कॅमेरा रोखला, औरंगाबादच्या मिक्सिंगवाल्याला सांगून खाली करुण बासरी टाकली आणि तीच सुरुवात ठेवली. कॅसेट बघताना घरातले सगळे खो खो हसायला लागले. गृहस्थांनी पोराला बिड्यांचं बंडल आणायला पाठवलं होतं आणि पोरगा तिकडेच खेळत बसला होता. व्याह्यांच्या देखत बिडीसाठी कासावीस झालेला बाप मी बासरीसकट दाखवला होता. "आन गणपती कुठंय?" त्यांनी विचारलं. मी पट्टी परत लावून दिली.

मला वाटतं ही गोष्ट त्याच्या कानावर गेली असावी, कारण पुढच्या वेळी भेटल्यावर तो म्हणाला, "काय सेठ, बासरीवाला मिळाला का?"

त्याचंही चुकायचं, नाही असं नाही. एकदा त्यानं एका बड्या घरच्या कॅसेटची सुरुवात नवरदेवाच्या मामापासून केली. मामा मानाच्या पाटावर आपल्याला बसवतात की धाकट्या मामाला, या काळजीत पाटाभोवती नुसता घिरट्या घालतोय. त्या घराण्यानं आकाशपाताळ एक केलं, कॅसेट त्याच्या अंगावर फेकली आणि मूळ शूटिंगच्या टेपा घेऊन माझ्याकडे आले. गणपती, पाकळ्या, बदाम. मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं. महिनाभरानं तेच लोक चोरट्यासारखे त्याच्या दारात. पाहुणेरावळे घरी येऊन मामाची कॅसेट लावा म्हणत होते, माझी कुणी लावूच देत नव्हतं. त्यानं ती परत दिली, आणि वर बाहेर सगळ्यांना रंगवून सांगितलं. नम्रता वगैरे त्याच्या गावी नव्हती. त्यामुळे हेवा करायलाही सोपं जायचं.

मग सुजाताचं, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा चारठाण्याचा, बँकेत. मी मनात सगळं बांधून ठेवलं होतं. कॅमेरा माझा माणूस चालवील, मी सांगत राहीन. पण बाबा म्हणाले, "त्या सोनपेठवाल्यांनाच सांग. त्या दिशी तू भाऊ हायस, फोटूवाला न्हाईस." मी म्हणालो, "माझ्यापेक्षा ते चांगलं काढतील असं म्हणायचंय का?" बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला ती कॅसेट बघायची हाय." मी स्वतः सोनपेठला जाऊन त्याला सांगून आलो. त्यानं विचारलं, "सेठ, लाइट तुमचाच का?" आणि हसला.

लग्नाच्या आदल्या दिवशी बंद होता. नामांतराच्या मागणीसाठी बाबांच्याच लोकांनी पुकारलेला. बाजारपेठ कडकडीत बंद, लाँड्रीही बंद. सुजाताला नेसायची, आमच्यात नवरी नेसते तशी पांढरी साडी चारठाण्याहून बंदच्या आदल्या रात्री आली होती, ट्रंकेत दाबून चुरगळलेली. माय बाबांवर उखडली. "तुमच्याच बंदनं पोरीची साडी तशी ऱ्हायली. आता काय बोळा नेसवू का तिला?" बाबा शेजारून कोळशाची इस्त्री मागून घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. ओसरीत सतरंजी अंथरून मी साडी पसरली. सुजाता घरात नव्हती, शेजारी कासारणीकडून बांगड्या भरून घेत होती.

तो आला होता, आधी शेजारी बांगड्या भरणाऱ्या बायकांत डोकावून. मायजवळ बसून तांदूळ निवडत होता. यावेळी कॅमेऱ्याची वाकळीची पिशवी बरोबर आणली होती, ते मी तो आल्या आल्या हेरलं होतं. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. माय म्हणाली, "माझ्याच हाय की पोटात गोळा, दुसऱ्या कुणाच्या असणार?" तो "हां" म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे.

"तुमच्या पोटात काय हाय, सेठ?"

"माझ्या काही नाही," मी म्हणालो. "काका, उद्या स्टेजच्या डाव्या बाजूला उभे राहा, उजवीकडं खांब मध्ये येतो."

त्यानं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. इस्त्री गरम झाली होती. काठाजवळची सुरकुती जात नव्हती म्हणून मी इस्त्री दाबून धरली, आणि तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की त्यानं कॅमेरा खांद्यावर घेतलाय. माझ्यावर रोखलाय. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की दार माझ्या पाठीमागे आहे, उजेड मागून येतोय, याला माझा चेहरा काळा मिळणार. याला एवढंही कळत नाही. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिलो. तो उभा कसा राहतो, कोपर कुठं टेकवतो, श्वास रोखून धरतो का, सगळं बघत राहिलो. त्याचं काहीतरी चुकावं अशी मी मनापासून वाट बघत होतो.

करपल्याचा वास आला तेव्हा माय किंचाळली. काठाच्या वर इस्त्रीच्या टोकाएवढा पिवळा डाग. मायनं साडी ओढून घेतली. "तिकडच्या लोकांनी दिलेली साडी हाय ती. काय सांगू आता त्यांना?" सुजाता आली, तिनं डाग बघितला, साडी दोन-तीनदा चुण्या घालून बघितली आणि म्हणाली, "निऱ्यांच्या आत जाईल, माय. मी धरून ठेवीन." माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. तिच्या मनात राग नव्हता, तिला तेव्हा माझ्यासाठी वेळ नव्हता.

लग्न झालं. सुजाता नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तो कॅसेट घेऊन आला. आमच्या घरात गल्ली मावत नव्हती. बाबा पुढे, माय त्यांच्या शेजारी, सुजाता खाली. मी दाराशी. तो टीव्हीशेजारी, पाठ करून.

सुरुवातीला इस्त्री दिसली. फक्त इस्त्री, पांढऱ्या साडीवरून हळूहळू सरकणारी. मग हात, मग माझं तोंड. उजेड मागून येऊनही त्यानं ते काळं पडू दिलं नव्हतं. कसं, मला आजही सांगता येणार नाही. मग मी मान वर करून बघतो. सगळं भान हरपून, बघतच राहतो. त्या नजरेत काय होतं ते मला माहीत होतं, आणि आता सगळ्या गल्लीला दिसणार होतं.

आणि पुढच्या क्षणी पडद्यावर सुजाता आली. हात पुढे करून बांगड्या भरून घेतेय, कासारीण काहीतरी बोलते आणि ही मान मागे टाकून हसते. मग परत माझं तोंड, तीच नजर. आणि खाली इस्त्रीतून धुराची बारीक रेघ.

खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मायनं पदर तोंडाला लावला. पुढचं आख्खं लग्न लोक तो डाग शोधत होते. हार घालताना दिसतो का, वंदनेला बसताना दिसतो का, सासूच्या नजरेला पडतो का. सुजातानं निऱ्या घट्ट धरून ठेवल्या होत्या. शेवटी जीपमध्ये चढताना तिचा हात सुटला, निऱ्या पसरल्या आणि डाग स्वच्छ दिसला. त्याच वेळी बाजूनं एक हात आला, सासूबाईंचा. त्यांनी चुणी ओढून डागावर घातली आणि सुजाताला आत घेतलं. कॅसेट तिथंच संपली. कुणी उठलं नव्हतं.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मागे वळून माझ्याकडे बघितलं. "तुझं समदं ध्यान तिच्याकडं व्हतं व्हय रे," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुला तुझ्या कॅमेऱ्याबिगर काय दिसत न्हाई."

मी मान खाली घातली. सुजाता रडत होती. ती त्या वेळी तिथं नव्हती, शेजारच्या घरात होती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी ती रडत होती, आणि उठून आली आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मी टीव्हीच्या दिशेनं बघितलं. तो फक्त माझ्याकडे बघत होता.

त्याला सोनपेठच्या गाडीला बसवायला मी स्टँडवर गेलो. खरं तर भांडायला गेलो होतो.

"काका, सुजाता तिथं नव्हती," मी म्हणालो.

"न्हवती."

"मी तिच्याकडं बघत नव्हतो."

"मला म्हाईत हाय तुमी कुणाकडं बघायलात ते. माझ्याच कॅमेऱ्यात आलंय."

"मग हे खोटं कशाला केलं?"

गाडी लागली होती. त्यानं खिडकीतून मफलर टाकून जागा धरली, मग माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर नेहमीचा मिस्कीलपणा होता, पण आवाज हळू होता. "तुमी जिकडं बघायला पायजे व्हतं, तिकडं बघायला लावलं म्या तुमाला. खरं दाखवलं असतं तर तुमचे बाबा उठून गेले असते. कुणी उठलं का? न्हाई ना? मंग झालं की, सेठ." आणि गाडीत चढला. पिशवी मांडीवर घेऊन, खिडकीकडे पाठ करून बसला आणि गाडीतल्या माणसांची तोंडं बघायला लागला.

पुढे सीड्या आल्या, त्यानं धंदा गुंडाळला असं ऐकलं. माझा चालू राहिला. मी पाकळ्या काढून टाकल्या, नावं थांबवली, पोटात गोळा असलेली माणसं बऱ्यापैकी ओळखायला शिकलो. लोक नावाजू लागले. पण बाबांनी माझी कॅसेट कधी मागितली नाही. घरी पाहुणे आले की त्यांना सुजाताच्या लग्नाची कॅसेट लावायची असायची. सुरुवात झाली की ते मध्येच थांबवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा लावायचे आणि काठीनं पडद्याकडे दाखवून सांगायचे, "हा आमचा पोरगा. बहिणीकडं बघता बघता साडी करपली त्याच्या हातनं. लय जीव हाय त्याचा तिच्यावर." पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघायचे. मी हसायचो.

बाबा तेच खरं मानून गेले. ज्या मुलाचं त्यांनी शेवटपर्यंत कौतुक केलं, तो मुलगा त्या माणसानं दोन व्हीसीआर जोडून घरी तयार केला होता. त्या माणसाचा हेवा मी नेहमीच केला. आता कधी ती कॅसेट लावली, की इस्त्री विसरून बहिणीकडे बघत राहणाऱ्या त्या मुलाचाही हेवा वाटतो.